ओट्यावरचा माणूस

"अन् आत कदीच जात नाई?" बुवांनी विचारलं.

"कधीच नाही," श्रीरंग म्हणाला.

"जलमभर?"

"जन्मभर. आवरणातच राहतात. तिथेच सगळं आयुष्य काढतात."

बुवांनी अंबाडीची एक काडी उचलली, पानं खुडून टोपलीत टाकली आणि काडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मंग थे करतेत काय तिथी बसून?"

आता हाच तर प्रश्न होता. ह्या एका प्रश्नाने डॉ. श्रीरंग पिंपळखुटे यांची दोन वर्षं खाल्ली होती, आणि तोच प्रश्न चौथी शिकलेला एक ऐंशी ओलांडलेला म्हातारा भाजी निवडता निवडता विचारत होता. श्रीरंगला थोडा राग आला. थोडं हसूही आलं.

श्रीरंग मूळचा अमरावतीचा. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उंदरांच्या मेंदूवर काम करायचा. वय बेचाळीस. नाव झालेलं होतं, आणि ते झालंय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आपला विषय समोरच्याला समजावून सांगताना त्याच्या आवाजात एक दयाळूपणा यायचा. लहान पोराला बुटाची नाडी बांधून देताना येतो, तसा.

भिवसनबुवांचा मठ पूर्णा नदीच्या काठावर, निंभोऱ्याच्या बाहेर. मठ म्हणजे एक देऊळ, एक स्वयंपाकघर, एक विहीर आणि कडुनिंबाखाली एकांतात बसायची एकच दगडी खोली. श्रीरंगची आई असेपर्यंत दर वर्षी इथे यायची. तो स्वतः पंचवीस वर्षांनी आला होता, आणि त्याला ती खोली हवी होती.

"ते करतात काय, हेच कळत नाही, बुवा," तो म्हणाला. "नीट सांगू का?"

"सांग नं. भाजी लय हाय."

तर श्रीरंगने नीट सांगितलं. कवटीच्या आत, मेंदूच्या भोवती तीन पदरांचं आवरण असतं. वरचा पदर हाडाला चिकटलेला, खालचा मेंदूला. त्या पदरांत पेशी राहतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी, शरीराचे शिपाई म्हणा. मेंदूत त्यांना शिरकाव नाही, दारातच राहायचं. काही तर रक्तातून लांबून येतही नाहीत, कवटीच्या हाडातल्या मज्जेतूनच केसाहून बारीक वाटांनी खाली उतरतात.

"म्हंजे शेजारचेच लोक," बुवा म्हणाले.

"हो. तसंच." श्रीरंग जरा थांबला. म्हातारा ऐकत होता म्हणायचं. "मी काही उंदीर असे घेतले, की ज्यांच्यात त्यातल्या एका जातीच्या पेशी जन्मापासून नाहीत. बाकी उंदीर धडधाकट. खातो, पितो, पळतो. मग त्याला एका पेटीत सोडला. पेटीला तीन खोल्या. मधल्या खोलीत हा. एका बाजूला जाळीखाली दुसरा, अनोळखी उंदीर. दुसऱ्या बाजूला नुसतीच रिकामी जाळी."

"मंग?"

"साधा उंदीर असेल तर तो दुसऱ्या उंदराकडे जातो. हुंगतो, घुटमळतो. किती वेळ घुटमळला ते आम्ही मोजतो."

"उंदराची दोस्ती मोजतं तू?"

"सेकंदांत."

"बरं."

"आणि हे पेशी नसलेले उंदीर… ते जातच नाहीत. त्यांना उंदीर काय आणि रिकामी जाळी काय, सारखंच. एका कोपऱ्यात बसून राहतात. मग त्यांना त्या पेशी परत दिल्या. तीन आठवड्यांनी तेच उंदीर दुसऱ्याकडे जायला लागले. आणि आत मेंदूत शोधलं, बुवा, तर एक पेशी आत गेलेली नाही. सगळ्या बाहेर, आवरणात."

बुवांनी खुडणं थांबवलं. "उंदीर बिमार होता?"

"नाही."

"पेटीत काई रोगराई?"

"काही नाही. सगळं धुतलेलं, निर्जंतुक. म्हणजे लढायला कोणी नाही. मग शिपाई हवेत कशाला? आणि आत पाऊल न टाकता ते आतल्याला बदलतात कसे? ते एक द्रव्य सोडतात, ते आत झिरपतं, इथवर सापडलंय. पण जो रोगाशी लढतो, त्याचा दोस्तीशी संबंध काय? का म्हणून असावा?"

बुवा हातातल्या काडीकडे बघत राहिले. श्रीरंगला वाटलं, आता काहीतरी निघणार.

"मले काय मालूम," बुवा म्हणाले आणि पुढची काडी घेतली.

श्रीरंगचा चेहरा पडला. आपण एका म्हाताऱ्याकडून उत्तराची वाट बघत होतो, ह्याची त्याला लाजही वाटली. तो मुद्द्यावर आला.

"म्हणून खोली हवी आहे. चाळीस दिवस. पूर्वी माझं डोकं सरळ चालायचं, बुवा. आता एक विचार धरला की दहा जण तो मोडायला येतात. फोन, मीटिंगा, दार, कोणी ना कोणी. मला माणसंच नकोशी झालीत. चाळीस दिवस एकटा बसलो तर हे सुटेल."

"भेटन खोली," बुवा म्हणाले. "ओट्यावर कोन हाय तुह्या?"

"म्हणजे?"

बुवांनी हनुवटीनेच खोलीकडे खूण केली. दाराबाहेर हातभर रुंदीचा दगडी ओटा होता. बसून बसून गुळगुळीत झालेला.

"आत जो बसते, त्याचं एक मानूस बाहीर बसते. चाळीस दिवस. आत जात नाई, बोलत नाई. पानी ठेवते, भाकर ठेवते. कोनी आलं-गेलं त पाह्यते."

"बरं. मग मठातलं कोणी…"

"मठातलं नाई. ज्याचं त्यानं आनाव."

"गावातला एखादा माणूस लावतो कामाला."

"कामाचा नाई. तुहा पाह्यजे."

श्रीरंगने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बुवा, मला माणसं नकोत म्हणून मी इथे आलो. आणि एकटं बसायला मी माणूस आणायचा?"

"व्हय."

"दाराबाहेर एक जण सतत बसलेला. ह्याला एकांत म्हणायचं?"

"आतून म्हनाचं."

एवढं बोलून बुवा टोपली घेऊन उठले. श्रीरंग कडुनिंबाखाली तसाच उभा राहिला. हा नियम आहे, थट्टा आहे, की नकार द्यायची म्हातारी पद्धत आहे, त्याला काही उमगेना.

*

मठात फोनला रेंज नव्हती. नदीकडे उतरणाऱ्या तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं की यायची, चौथीवर जायची. श्रीरंग तिसऱ्या पायरीवर उभा राहिला आणि माणूस शोधायला लागला.

एवढ्यात त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. फोनमध्ये अकराशे नावं होती, आणि अंगठा नुसताच वर-खाली फिरत होता.

पहिला फोन त्याने अकोल्याला मोठ्या भावाला केला. सुधाकरदादा शाळेत मास्तर होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. म्हणजे मोकळा असणार, असा श्रीरंगचा सरळ हिशेब होता.

"दादा, चाळीस दिवस येशील का निंभोऱ्याला? माझं एक काम आहे."

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईच्या तेरवीले तू किती दिवस राह्यला होता रे?"

"…दोन."

"मी टोमना नाई मारत. मले याद नव्हतं, म्हनून इचारलं."

मग दादाने पावसापाण्याचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, आणि फोन संपला. येतो किंवा येत नाही, असं तो म्हणालाच नव्हता. श्रीरंगने विचारलंही नव्हतं.

दुसरा फोन एका जुन्या विद्यार्थ्याला. पाच वर्षं हाताखाली होता. त्याने उचलला नाही. पाच मिनिटांनी परत लावला, तेव्हाही नाही.

संपदाला फोन करायचं त्याच्या मनात शेवटी आलं. बायकोला कशाला त्रास, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती येईल ह्याची त्याला इतकी खात्री होती, की तिचं नाव शोधण्यात धरलंच नव्हतं.

"जेवलास?" संपदाने विचारलं.

"हो. ऐक ना, इथे एक विचित्र नियम आहे." त्याने नियम सांगितला. ओटा सांगितला, पाणी, भाकर, न बोलणं, सगळं सांगितलं.

रेंज गेली की काय म्हणून त्याने फोन कानापासून लांब धरून पाहिला.

"म्हणजे चाळीस दिवस तू आत आणि मी बाहेर," ती म्हणाली.

"हो."

"आणि बोलायचं नाही."

"तसा नियमच आहे."

"घरी वेगळं काय होतं रे?"

ती चिडून बोलली असती तर श्रीरंगला उत्तर देता आलं असतं. चिडलेल्या माणसाला काय म्हणायचं ते त्याला येत होतं. पण ती अगदी सहज बोलली, भाजी कुठली आणू विचारावं तशी, आणि त्यामुळे त्याची पंचाईत झाली.

"मला नाही जमणार, श्रीरंग," ती पुढे म्हणाली. "ऑक्टोबरात परीक्षा आहे माझी. मलाच चाळीस दिवस मिळत नाहीयेत."

"परीक्षा? कसली?"

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली.

"एलएलबीचं शेवटचं वर्ष," संपदा म्हणाली. "ठेवते. कुकरची तिसरी शिट्टी झाली."

श्रीरंग पायरीवर बसला. बसल्याबरोबर रेंज गेली. नदी गढूळ होती, पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हैस धूत होतं. शेवटचं वर्ष म्हणजे त्याआधीची दोन वर्षंही झाली असणार. ती कधी झाली? त्याने आठवून पाहिलं. संध्याकाळी ती घरात नसते, एवढं आठवलं. कुठे असते हे त्याने विचारलं होतं का, ते आठवेना. त्याला वाईट वाटलं, आणि नेमकं कशाचं वाईट वाटतंय तेही त्याला धड सांगता आलं नसतं.

*

"कोन भेटलं?" बुवांनी विचारलं.

"कोणी नाही."

"सूनबाई?"

"तिची कसलीशी परीक्षा आहे म्हणे." श्रीरंगने हात उडवला. "बुवा, एक विचारू? हा नियम कोणी घातला?"

"माह्या गुरूनं मले सांगतला. त्याच्या गुरूनं त्याले."

"आणि नियम चुकीचा असला तर?"

"असन."

हे उत्तर श्रीरंगला अपेक्षित नव्हतं. वाद घालायला तो बाह्या सरसावून उभा, आणि समोरचा भांडायलाच तयार नाही. मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला.

"आपण तपासून बघू," तो म्हणाला. "मी माणसाशिवाय बसतो. दोन दिवस. पाणी, खाणं बरोबर घेतो. जमलं, तर नियमाला अर्थ नाही. मग मला चाळीस दिवस द्यायचे."

"नियम तपासाले बसतं का इचार कराले बसतं?"

"दोन्ही होईल."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. "जाय," ते म्हणाले. "कडी आतून हाय. मी उद्या परवा वावरात राहीन, इकडे कोनी नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता श्रीरंग खोलीत शिरला. एक सतरंजी, पाण्याची कळशी, चिवड्याचा डबा, वही. फोन त्याने मुद्दाम स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. कडी लावली आणि मांडी घालून बसला. आहाहा, किती शांत होतं. आता ह्या पेशींचं काय ते बघतो, असं तो मनाशी म्हणाला.

सव्वासातला दारावर धडक बसली.

त्याने कडी काढून पाहिलं. शेळी होती. तिने श्रीरंगकडे एकदा पाहिलं आणि ओट्यावर चढून कडुनिंबाचा पाला खायला लागली. त्याने तिला हाकललं, कडी लावली, बसला.

शास्त्रज्ञाची खोड अशी की तो वैतागला तरी नोंद करतो. श्रीरंगने वहीत एक रेघ मारली. शेळी.

आठला बाहेरून एक बाईमाणूस हाका मारायला लागलं. "बुवा! ओ बुवा!" तो दम धरून बसला. हाका थांबेनात. शेवटी आतूनच ओरडून सांगितलं, बुवा वावरात गेलेत. "कोन हाय आत?" असं त्या बाईने विचारलं. ह्यावर काय बोलावं? बाई बराच वेळ गेली नाही. ती गेली की नाही हे ऐकण्यात पाऊण तास गेला. दुसरी रेघ.

मग कावळा. मग वारा, पण कडी हलली तेव्हा तो वारा आहे हे कळलं नव्हतं. मग पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली आणि परत फिरलीच नाहीत. श्रीरंग कानात प्राण आणून बसला. दहा मिनिटांनी दार उघडून पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं.

दुपारनंतर आवाज होईनासे झाले, आणि ते जास्त अवघड गेलं. आता काहीतरी होईल, आता कोणीतरी येईल. चिवडा कुरकुरत होता म्हणून तो चावायचा थांबून ऐकायचा. स्वयंपाकघराचं दार लोटलं होतं का? फोन कोणी नेला तर? संपदाने फोन केला आणि रेंज नाही म्हणून लागला नाही तर? ती कशाला करेल, तिचा अभ्यास असणार. कसला अभ्यास करते ती, कुठल्या खोलीत बसून? घरात अभ्यासाची खोली एकच आहे, आणि ती तर त्याची आहे.

हा विचार त्याने बाजूला सारला आणि पेशींकडे वळला. तेवढ्यात पाल चुकचुकली. रेघ.

एकदा त्याला पेटीतला उंदीर आठवला. कोपऱ्यात बसलेला, कुठेच न जाणारा. तो इथे का आठवावा, ह्याचा श्रीरंगला काही पत्ता लागला नाही. गोष्ट अगदी जवळ आल्यासारखी वाटली, मग सटकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्याने कडी काढली आणि तो बाहेर आला. दोन दिवस पुरे व्हायला अजून पंधरा तास होते. त्याची मान अवघडली होती, कारण तो सारा वेळ दाराकडे तोंड वळवून बसला होता.

*

बुवा विहिरीवर पाय धूत होते. श्रीरंग जवळ जाऊन उभा राहिला आणि वही पुढे केली.

बुवांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली. "ह्या रेघा काहाच्या?"

"माझं लक्ष दाराकडे गेलं, त्या प्रत्येक वेळेची एक."

"लय हायेत."

"एकशे बारा."

"अन् इचाराच्या?"

श्रीरंगने मान खाली घातली. "नाहीत."

"एकबी नाई?"

"एकही नाही."

बुवांनी वही परत दिली. धोतराच्या टोकाने पाय पुसले. "सारा वेळ दारात उभा होता म्हन की."

"मी आत बसलो होतो, बुवा."

"बरं…"

श्रीरंगला एकदम भरून आलं. बेचाळीस वर्षांच्या माणसाला विहिरीच्या काठावर रडू यावं, हे त्याला अजिबात पसंत नव्हतं. त्याने चष्मा पुसण्यात वेळ काढला.

"माझं काय बिघडलंय तेच कळत नाही," तो म्हणाला. "पूर्वी मी असा नव्हतो. घरी खोलीत शिरलो की चार-चार दिवस बाहेर यायचो नाही. ते पहिलं काम, ज्याने नाव झालं, ते असंच झालं. एकट्याने."

"तवा रेघा किती होत्या?"

"तेव्हा कुठल्या रेघा? दार आहे, हेच मी विसरलेलो असायचो."

"अन् दारावर कोनी येत नव्हतं?"

"यायचे की. गॅसवाला, शेजारी, संस्थेचे फोन. त्याच सुमारास मुलीला डेंग्यू झाला होता, ते तर मला ती दवाखान्यातून घरी आल्यावर कळलं." हे सांगताना तो नेहमी हसायचा. मित्रांत हा त्याचा हुकमी किस्सा होता. आज त्याला हसू आलं नाही.

"मंग तुह्यापावतर का नाई आलं?"

"संपदा बाहेर होती."

"काय करत होती?"

"काही नाही. म्हणजे… बाहेर होती."

"आत येत होती?"

"नाही. चहा दाराशी ठेवायची. कप उचलून न्यायची. बोलायची नाही, मला चालायचं नाही ते." श्रीरंगचा आवाज हळू होत गेला. "मी कधी रात्री बाहेर आलो तर ती हॉलमध्ये बसलेली असायची. कशाला जागी आहेस म्हणायचो. ती म्हणायची, सहज."

कडुनिंबावर साळुंक्या भांडत होत्या.

"दोन वर्षं होऊन गेली," श्रीरंग म्हणाला. "दोन वर्षांपासून संध्याकाळी ती नसते. तेव्हापासूनच माझं…" तो थांबला. सगळं एकदम समोर आलं आणि एकदम इतकं आलं, की कुठून धरावं ते समजेना. ती लढत नव्हती कोणाशी. तिने आत पाऊल टाकलं नाही. तिने काही केलं म्हणावं तर काय केलं, हे त्याला शास्त्रज्ञ म्हणूनही सांगता येत नव्हतं आणि नवरा म्हणूनही.

तो विहिरीच्या काठावर बसला. बुवाही बसले.

मग श्रीरंग ताठ झाला. त्याचा चेहरा उजळला होता. दोन वर्षांनी एक गोष्ट त्याच्या हाती लागली होती, आणि हाती लागलेल्या गोष्टीचं काय करायचं हे त्याला नेहमीच ताबडतोब सुचायचं.

"कळलं, बुवा," तो म्हणाला. "नियम बरोबर आहे. माझं चुकलं. माझा माणूस घरातच होता, मी बाहेर शोधत बसलो. मी उद्याच पुण्याला जातो. तिला सगळं समजावून सांगतो. ती नाही म्हणणार नाही. परीक्षा काय, ऑक्टोबरात होऊन जाईल. मग दिवाळीनंतर तिला घेऊन येतो, ती ओट्यावर बसेल, मी आत बसेन. तेव्हा तर द्याल ना खोली?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने सगळी वाट बरोबर चालून यावं आणि घराच्या दाराशी येऊन मागे वळावं, त्याच्याकडे बघावं तसं.

"देईन," ते म्हणाले.

श्रीरंगने वाकून पायाला हात लावला. जायला वळला.

"डाक्टर."

"हं?"

"परीक्षेले किती दिवस हायेत म्हने?"

"चाळीसेक असतील."

बुवा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले. दोर विहिरीत सोडला. बादली पाण्याला लागेपर्यंत ते खाली बघत राहिले.

"अन् सूनबाई आत बसली," ते म्हणाले, "त तिच्या ओट्यावर कोन हाय?"